वृत्तनिवेदकाचे स्टेटस: प्रसारणातील निःपक्षपातीपणा म्हणजे नेमके काय?

मी काही वर्षे एका नभोवाणी केंद्रावर नैमित्तिक वृत्तनिवेदक म्हणून काम केले. 'नैमित्तिक' हा करारपत्रातला शब्द झाला. केंद्रात सगळे आम्हाला 'कॅज्युअल' म्हणत. महिन्यात मोजक्या ड्यूट्या मिळत, प्रत्येक ड्यूटीचे मानधन ठरलेले असे आणि उरलेल्या दिवसांत ज्याने त्याने आपापला पोटापाण्याचा उद्योग करायचा, अशी ती व्यवस्था होती. त्या काळात एका रविवारी सकाळी मी वेताळ टेकडीसाठी निघालेल्या नागरिकांच्या मोर्चात गेले आणि घरी येऊन तिथला एक फोटो 'टेकडी वाचवा' एवढ्या दोन शब्दांसह व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतचा प्रस्तावित रस्ता टेकडीवरून न्यावा की नाही, हा पुण्यातला वर्षानुवर्षांचा वाद आहे. या रस्त्यामुळे लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी फुटेल असे एका बाजूचे म्हणणे आहे, तर टेकडीवरची झाडी आणि भूजल यांची हानी होईल असे दुसऱ्या बाजूचे. मी कोथरूडला राहते आणि रोज सकाळी टेकडीवर जाते, त्यामुळे त्या फोटोत काही राजकारण आहे असे मला वाटलेच नाही.

त्याच आठवड्यात सकाळच्या बुलेटिनमध्ये या रस्त्यासंबंधी दोन वाक्यांची बातमी आली आणि ती मी वाचली. संध्याकाळी आमच्या इमारतीतले एक निवृत्त शिक्षक जिन्यात भेटले. ते सकाळचे एकही बुलेटिन चुकवत नाहीत आणि माझे स्टेटसही नियमाने पाहतात. ते म्हणाले, "अगं, बातमी तू नीटच वाचलीस. पण मला बातमी ऐकू आलीच नाही, तूच ऐकू आलीस."

काकांचे वाक्य मला तेव्हा लागले. पुढे विचार करताना लक्षात आले की प्रसारणातील निःपक्षपातीपणा या विषयावर जगभरात जी नियमावल्यांची पाने लिहिली गेली आहेत, त्यांच्या मुळाशी हीच तक्रार आहे. बातमीत एक शब्दही चुकीचा नसला, तरी ती सांगणाऱ्याची बाजू ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असेल तर बातमी कानापर्यंत पोहोचेतो तिला वेगळा रंग चढलेला असतो. मग वृत्तनिवेदकाने नोकरीबाहेरही मत मांडू नये काय? आणि मांडू नये, तर हा नियम कोणाला लावायचा: बातम्या वाचणाऱ्याला, खेळाचे समालोचन करणाऱ्याला, की रविवारी दुपारी नाट्यगीतांचा कार्यक्रम सादर करणाऱ्यालाही?

या प्रश्नावरून अलीकडच्या काळात सर्वांत मोठा गदारोळ ब्रिटनमध्ये झाला. गॅरी लिनेकर हा इंग्लंडचा एकेकाळचा फुटबॉल कर्णधार. १९८६च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल त्याचेच होते. खेळातून निवृत्त झाल्यावर १९९९पासून तो बीबीसीच्या 'मॅच ऑफ द डे' या कार्यक्रमाचा मुख्य सूत्रधार होता आणि त्याचे वार्षिक मानधन तेरा लाख पौंडांच्या वर गेले होते. मात्र तो बीबीसीचा नोकर नव्हता, करारावर काम करणारा मुक्त सादरकर्ता होता. छोट्या होड्यांतून समुद्रमार्गे ब्रिटनमध्ये येणाऱ्या स्थलांतरितांविरुद्ध तेथील सरकारने विधेयक आणले, तेव्हा ७ मार्च २०२३ रोजी त्याने ट्विटरवर लिहिले की हे धोरण अत्यंत क्रूर आहे आणि त्याच्या समर्थनार्थ वापरली जाणारी भाषा १९३०च्या दशकातील जर्मनीच्या भाषेहून फारशी वेगळी नाही. त्यावर सत्ताधारी पक्षात संताप उसळला आणि १० मार्चला बीबीसीने त्याला काही काळ कार्यक्रमापासून दूर केले.

पुढे जे घडले त्याची कल्पना बीबीसीने केली नसावी. लिनेकरचे सहकारी तज्ज्ञ इयान राइट आणि ॲलन शिअरर यांनी आम्हीही येणार नाही असे कळवले, त्यांच्यापाठोपाठ समालोचकांनीही अंग काढून घेतले आणि ११ मार्चच्या रात्री हा कार्यक्रम सूत्रधाराविना, तज्ज्ञांविना, समालोचनाविना जेमतेम वीस मिनिटांत आटोपला. पडद्यावर सामन्यांची दृश्ये आणि प्रेक्षकांचा गलका, एवढेच. १३ मार्चला महासंचालक टिम डेव्ही यांनी प्रेक्षकांची माफी मागितली, लिनेकर परत येईल असे जाहीर केले आणि नियमांचा फेरविचार एका बाहेरच्या व्यक्तीकडे सोपवला.

या प्रकरणात कोण बरोबर होते यापेक्षा मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एका माजी फुटबॉलपटूने आपल्या खासगी खात्यावर सरकारवर टीका केली, तर त्याने मुळात कोणाचा हक्क हिरावला जातो? त्याचे उत्तर मिळण्यासाठी प्रसारणाकडूनच निःपक्षपातीपणाची अपेक्षा का केली जाते, हे आधी पाहावे लागते, कारण वर्तमानपत्राकडून ती त्या प्रमाणात कधीच केली गेलेली नाही.

पुण्याला हे वेगळे सांगायला नको. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला तो मतपत्र म्हणूनच. गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक. पण सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद विकोपाला गेले तेव्हा १८८७मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि १८८८मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. टिळकांनी दोन्ही बाजू समसमान का छापल्या नाहीत, असा आक्षेप कोणी घेतला नाही. मत पटत नसेल तर वाचकाने दुसरे पत्र घ्यावे आणि संपादकाचे मालकांशी पटत नसेल तर त्याने दुसरे पत्र काढावे, हा वर्तमानपत्राच्या जगाचा रिवाज होता. कागद, शाई आणि छापखाना यांची जुळवाजुळव कठीण असली तरी अशक्य नव्हती.

आगरकरांना दुसरे नभोवाणी केंद्र मात्र काढता आले नसते. रेडिओच्या लहरी मोजक्या असतात; एका वारंवारितेवर दोघे एकाच वेळी बोलू लागले तर दोघांचेही ऐकू येत नाही, म्हणून त्या कोणीतरी वाटून द्याव्या लागतात आणि वाटून देणारे असते सरकार. ज्याला लहर मिळाली त्याने ती सर्वांच्या वतीने वापरावी, ही अट तिथून आली. भारतात हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५च्या निकालात स्वच्छ शब्दांत मांडले. खटला होता क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा, केंद्र सरकारविरुद्ध बंगालची क्रिकेट संघटना असा. न्यायालयाने सांगितले की या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत आणि त्यांवर सरकारची किंवा कोणा खासगी धनिकाची मक्तेदारी असू शकत नाही. त्या पीठावरचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत निवृत्तीनंतर पुण्यातच राहत होते आणि येथील सार्वजनिक सभांना ते कितीतरी वेळा दिसत. ज्या निकालाने आपल्या दूरचित्रवाणीचे चित्र पालटले, तो लिहिणारे गृहस्थ शेजारच्या खुर्चीवर बसले आहेत याची श्रोत्यांपैकी किती जणांना जाणीव असे, कोण जाणे.

दुसरे कारण पैशाचे आहे. ऐंशीच्या दशकापर्यंत आपल्याकडे रेडिओचे लायसन्स पोस्टात जाऊन काढावे लागे. घरातल्या जुन्या कागदांत ते पुस्तक अजून कुठे कुठे सापडते. ब्रिटनमध्ये टीव्हीसाठी ही पद्धत आजही चालू आहे आणि लिनेकर प्रकरणाच्या वेळी तिथल्या प्रत्येक घराला त्यासाठी वर्षाला १५९ पौंड मोजावे लागत होते. ज्याला सरकारचे विधेयक योग्य वाटते तोही हे पैसे भरतो आणि ज्याला ते क्रूर वाटते तोही. आपल्या पैशावर पोसलेली संस्था आपल्यालाच शत्रू समजते, असे यांपैकी कोणालाही वाटू नये, एवढी माफक अपेक्षा त्यामागे आहे.

आपल्या कायद्यात ही अपेक्षा प्रसारभारती अधिनियम १९९० मध्ये लिहिलेली आहे. कायदा संसदेने १९९०मध्ये केला आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. त्याच्या १२व्या कलमात म्हटले आहे की सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची माहिती मुक्तपणे, सत्यतेने आणि वस्तुनिष्ठपणे मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपावा आणि स्वतःचे कोणतेही मत वा विचारसरणी पुढे न रेटता परस्परविरोधी दृष्टिकोनांसह न्याय्य व संतुलित माहिती द्यावी. ही वाक्यरचना नीट पाहिली तर हक्क नागरिकाचा आहे आणि बंधन संस्थेवर आहे. निवेदकाच्या मौनाचा तिथे उल्लेख नाही. ते मौन पुढे नियमावल्यांनी आणि करारांनी आणले.

आता 'संतुलित' या शब्दाकडे वळू, कारण सर्वाधिक घोळ तिथेच होतो. अनेकांना वाटते की दोन्ही बाजूंना घड्याळ लावून सारखी मिनिटे दिली की काम झाले. ब्रिटनमधील नियमात निःपक्षपातीपणाला 'यथोचित' असे विशेषण जोडलेले आहे, म्हणजे विषयाचे स्वरूप पाहून जितका आणि जसा योग्य, तितका आणि तसा. रस्ता टेकडीवरून न्यावा की नाही यात खरोखरच दोन बाजू आहेत. पण टेकडीवर झाडे आहेत की नाहीत यात दोन बाजू नाहीत, तिथे जाऊन पाहायचे असते. ऑगस्ट २०१७मध्ये बीबीसीच्या सकाळच्या रेडिओ कार्यक्रमात माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी हवामानबदलाविषयी चुकीची विधाने केली आणि मुलाखतकाराने ती पुरेशी अडवली नाहीत. तेथील नियामक संस्था ऑफकॉमने एप्रिल २०१८मध्ये त्यात अचूकतेच्या नियमाचा भंग झाल्याचे ठरवले. शास्त्रज्ञांच्या समोर एक नाकारणारा बसवला म्हणजे तराजू समतोल होतो, हा समज त्यानंतर तरी मागे पडायला हवा होता. आपल्या वाहिन्यांवर मात्र एका चौकटीत अभ्यासक, दुसऱ्या चौकटीत बुवा आणि मधल्या चौकटीत दोघांवर ओरडणारा सूत्रधार, हे दृश्य अजून नित्याचे आहे.

बातमीतला पक्षपात बहुधा एवढा मोठ्याने येत नाही. तो क्रियापदातून येतो. मी वाचलेल्या त्या दोन वाक्यांचेच उदाहरण घेऊ. रस्त्यामुळे वाहतुकीचा ताण कमी होईल, असे महापालिकेने 'सांगितले', असा महापालिकेने 'दावा केला', की असे महापालिकेने 'स्पष्ट केले'? पहिले क्रियापद अंगाला काही लावून घेत नाही. 'दावा केला' म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते, आणि 'स्पष्ट केले' म्हटले की आधी काही गैरसमज होता तो आता दूर झाला, असे वाटते. दुसऱ्या वाक्यात विरोध करणारे 'नागरिक' आहेत, 'काही नागरिक' आहेत, की 'टेकडीप्रेमी' आहेत, यावरून विरोध गावाचा, मूठभरांचा की हौशी मंडळींचा, हे ठरून जाते. मराठीत आणखी एक गाठ आहे ती आदरार्थी बहुवचनाची. मंत्री 'म्हणाले' आणि आंदोलक 'म्हणाला', असे एकाच बातमीत वाचले तर कोणी वेगळे भाष्य करण्याची गरजच उरत नाही. आमच्या केंद्रावरचे एक जुने वृत्तसंपादक बुलेटिनचे कागद हातात देण्यापूर्वी लाल पेनाने फक्त क्रियापदे तपासत. 'टोला लगावला', 'घणाघात केला', 'खडे बोल सुनावले' असले काही दिसले की ते खोडून वर 'म्हणाले' लिहीत आणि म्हणत, "आपण कुस्तीचा फड लावलेला नाही."

त्या दिवशीच्या माझ्या कागदावर 'सांगितले' आणि 'नागरिक' हेच शब्द होते, म्हणजे बातमी निर्दोष होती. तरीही काकांना मी ऐकू आले. संस्थेने खपून मिळवलेली निर्दोषता माझ्या दोन शब्दांच्या स्टेटसने कमी झाली, हे मला मान्य करावे लागते. समाजमाध्यमांनी नेमका हाच बदल केला आहे. पूर्वी निवेदकाचे मत त्याच्या घरात, फार तर कट्ट्यावर राहत असे. श्रोत्याला त्याचा आवाज माहीत असे, माणूस माहीत नसे. आता एकाच फोनवर बातमीही येते आणि बातमी वाचणाऱ्याचे मतही येते, पुष्कळदा एकाखाली एक.

यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे खात्याच्या माथ्यावर 'मते वैयक्तिक' असे लिहून ठेवणे. त्याचा फारसा उपयोग नसतो. बीबीसीने ऑक्टोबर २०२०मध्ये आपल्या लोकांसाठी समाजमाध्यमांचे जे नियम काढले, त्यांत अशा सूचनेला बचाव म्हणून काही किंमत नाही हे सांगून टाकले आहे. एखाद्या मजकुराला दिलेल्या पसंतीतून किंवा साध्या इमोजीतूनही कल दिसतो, असाही इशारा त्यात आहे. त्याआधी सप्टेंबरमध्ये, पद स्वीकारताना, डेव्ही यांनी बजावले होते की ज्यांना समाजमाध्यमांवर एखाद्या पक्षाचे प्रचारक व्हायचे असेल त्यांनी ते खुशाल व्हावे, पण मग बीबीसीत काम करू नये. बातमीदारांच्या बाबतीत मला हे पटते. व्हॉट्सॲपचे स्टेटस तर चोवीस तासांत नाहीसे होते आणि ओळखीच्या लोकांनाच दिसते, अशी माझीही समजूत होती. पण स्क्रीनशॉट काढायला दोन बोटे पुरतात.

बातमीदारांच्या पलीकडे गेल्यावर मात्र हा न्याय ताणला जातो. प्रसारणात काम करणाऱ्या माणसाचे बातमीशी किती जवळचे नाते आहे, यावर त्याच्या मौनाचे प्रमाण ठरावे असे माझे मत आहे. बातम्या वाचणारा, राजकीय वार्ताहर, निवडणुकीच्या चर्चेचा सूत्रधार हे अगदी आतल्या कडेला येतात आणि त्यांनी टेकडीवरही बोलू नये, हे मी आता मान्य करते. फुटबॉल दाखवणारा बराच बाहेर आहे. लिनेकर प्रकरणानंतर २८ सप्टेंबर २०२३ रोजी बीबीसीने सुधारलेले नियम काढले, त्यांत साधारण हीच वाट धरलेली दिसते. वृत्तविभागाबाहेरच्या प्रमुख कार्यक्रमांच्या सादरकर्त्यांना सार्वजनिक प्रश्नांवर बोलता येईल. पण त्यांनी राजकीय पक्षाची भलामण करू नये किंवा त्याच्यावर हल्ला चढवू नये, ब्रिटनमधल्या राजकारण्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवू नयेत, निवडणुकीच्या काळात पक्षांमधल्या वादविषयांवर बोलू नये. मुद्द्यावर बोला, पक्षावर बोलू नका, असा याचा सरळ अर्थ. व्यवहारात ही रेषा ओढणे सोपे नाही. लिनेकरने विधेयकावर टीका केली होती, पक्षाचे नाव घेतले नव्हते. पण विधेयक आणणारा पक्ष एकच होता. पुढे मे २०२५मध्ये ज्यूविरोधी अर्थ निघणारी एक चित्रफीत त्याने पुढे पाठवली, त्याबद्दल माफी मागितली आणि बीबीसी सोडली. त्या वेळी त्याची बाजू घेणारे आधीपेक्षा बरेच कमी होते, आणि तसे होणे योग्यच होते.

बाहेरच्या कडेवर असलेल्यांना आतल्या कडेचा नियम लावला की काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. डिसेंबर २०२३मध्ये तेथील सार्वजनिक प्रसारक एबीसीने सिडनीच्या एका रेडिओ कार्यक्रमासाठी ॲन्टोनेट लॅटूफ या पत्रकार स्त्रीला पाच दिवसांच्या बदली कामावर घेतले होते. गाझातील उपासमारीविषयी ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेची एक पोस्ट त्यांनी आपल्या खात्यावरून पुढे पाठवली आणि तिसऱ्या दिवशीच त्यांना थांबवण्यात आले. जून २०२५मध्ये न्यायालयाने हे कामावरून काढणे बेकायदेशीर ठरवले आणि सत्तर हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देण्यास सांगितले. पाच दिवसांची कॅज्युअल! हे वाचताना मला आमच्या ड्यूटी रूममधली सगळी मंडळी आठवली. जी संस्था महिन्याला चार ड्यूट्या देते, तिने त्या मानधनात महिनाभराचे मौन विकत घ्यावे काय, याचा विचार आपल्याकडे व्हायला हवा. माझ्या करारपत्रात समाजमाध्यमांविषयी एकही ओळ नव्हती. जे काही होते ते 'जरा जपून' या तोंडी सल्ल्यात होते.

कायम नोकरीत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ नुसार त्यांनी राजकीय पक्षाशी संबंध ठेवू नये आणि सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू नये. महाराष्ट्र शासनानेही जुलै २०२५मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरासाठी नियम काढले आणि सरकारी धोरणांवर प्रतिकूल टीका करण्यास त्यांत मनाई केली. याचा अर्थ नोकरीत शिरताना माणूस मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवतो असा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात ते सांगून ठेवले आहे, आणि जानेवारी २०२०मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने एका सरकारी कर्मचाऱ्याच्या फेसबुक पोस्टच्या प्रकरणात नियमांच्या मर्यादेत मत मांडण्याचा हक्क त्यालाही आहे असे म्हटले. पण इथे एक सूक्ष्म गल्लत होते. सरकारवर टीका न करणे आणि निःपक्ष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्तणूक नियमांचा हेतू प्रशासनाची शिस्त हा आहे. प्रसारणाच्या नियमाचा हेतू श्रोत्याचा विश्वास हा आहे. सरकारची स्तुती करणाऱ्या स्टेटसवर पहिल्या नियमाखाली कोणी हरकत घेणार नाही, पण दुसऱ्या तत्त्वाने तेही टीकेइतकेच आक्षेपार्ह ठरायला हवे.

हा एकतर्फीपणा नवा नाही आणि फक्त आपलाही नाही. १९२६च्या ब्रिटनमधील सार्वत्रिक संपात सरकारने बीबीसी ताब्यात घ्यावी असा काही मंत्र्यांचा आग्रह होता. ते टळले, आणि बीबीसीचे तेव्हाचे प्रमुख जॉन रीथ यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले की आपण खरोखरीचे निःपक्ष राहणार नाही एवढा भरवसा सरकारला आपल्याविषयी वाटतो. इतका प्रांजळ कबुलीजबाब कोणत्याही नियमावलीत सापडत नाही. आपल्याकडे आणीबाणीत आकाशवाणीचे काय झाले हे त्या पिढीला सांगायची गरज नाही. काँग्रेसच्या कार्यक्रमासाठी गायला नकार दिला म्हणून १९७६मध्ये किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली होती. निवेदकांनी तेव्हा नियमांचा एकही भंग केला नव्हता. प्रत्येकाचे वैयक्तिक मौन अगदी निर्दोष होते आणि संस्था मात्र पूर्णपणे एका बाजूची झालेली होती.

म्हणून एखाद्या निवेदकावर कारवाई झाली की मी आधी पाहते, उलट दिशेने बोलणाऱ्यालाही हाच न्याय लागला होता का. लिनेकरने नोव्हेंबर २०२२मध्ये कतारमधील विश्वचषकाच्या पहिल्याच प्रक्षेपणात, बीबीसीच्याच पडद्यावर, तेथील स्थलांतरित कामगारांच्या हालांविषयी बोलून सुरुवात केली होती आणि त्याबद्दल बीबीसीने त्याला अडवले नव्हते. दुसऱ्या देशाच्या सरकारविषयी पडद्यावर बोललेले चालते, आपल्या सरकारविषयी घरी बसून लिहिलेले चालत नाही, असा निष्कर्ष प्रेक्षकांनी काढला तर त्यांना दोष कसा देणार? बीबीसीच्याच 'द अप्रेंटिस' या कार्यक्रमाचे ॲलन शुगर यांनी मजूर पक्षाच्या नेत्यावर ट्विटरवर केलेली टीकाही लोकांना आठवत होती. आणि लिनेकरवर कारवाई झाली त्या वेळी बीबीसीचे अध्यक्ष रिचर्ड शार्प स्वतःच चौकशीत अडकले होते. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कर्जहमीच्या व्यवहारातला आपला सहभाग त्यांनी नेमणुकीआधी पुरता उघड केला नव्हता, म्हणून २८ एप्रिल २०२३ रोजी त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. फुटबॉलवाल्याच्या ट्वीटपेक्षा अध्यक्षांची ती गप्प बसण्याची सवय संस्थेला अधिक महाग पडली, असे माझे मत आहे.

आपल्या खासगी वृत्तवाहिन्यांविषयी या चौकटीत बोलणे थोडे अवघड आहे, कारण तिथे सूत्रधार स्टेटसला काय लिहितो हा प्रश्न गौण ठरतो. त्याला जे म्हणायचे ते तो रात्री नऊ वाजता पडद्यावर म्हणतो. वाहिन्यांच्या संघटनेची स्वतःची आचारसंहिता आहे, तीत निःपक्षपातीपणाही आहे, आणि तक्रारींचा निवाडा करणारे मंडळ निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली चालते. पण ही व्यवस्था सभासद वाहिन्यांपुरती आणि २०२३मध्ये दंड फार तर एक लाख रुपयांचा होता. एवढ्याने कोणाला जरब बसणार, अशी विचारणा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये केली होती. खासगी एफएमवर तर आणखी गमतीची स्थिती आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे पुण्यातला एखादा आरजे दिवसभर ट्रॅफिक आणि मिसळ यांवर बोलतो आणि त्याची राजकीय मते ऐकायची तर त्याच्या इन्स्टाग्रामवर जावे लागते.

मौनाच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी एका माणसाची आठवण करून देते. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते, दूरदर्शनच्या अगदी सुरुवातीच्या काळात तिथेही होते, आणि १९७७च्या निवडणुकीत त्यांनी जनता पक्षासाठी जाहीर सभांतून भाषणे केली. तेव्हा ते प्रसारणाच्या सेवेत नव्हते, म्हणून नियमाचा प्रश्न आला नाही. महाराष्ट्राने त्या भाषणांना गर्दी केली ती ते निःपक्ष होते म्हणून नव्हे. इतकी वर्षे आपल्याला हसवणारा माणूस आता गंभीरपणे काही सांगतो आहे, तर ते ऐकावे, म्हणून. प्रसारणाने मिळवून दिलेली ओळख राजकारणात अशी वजनदार ठरते आणि नियम करणाऱ्यांना भीती वाटते ती याच वजनाची. ते तेव्हा नोकरीत असते तर त्यांनी भाषण करावे की राजीनामा द्यावा? मला वाटते राजीनामा द्यावा, आणि संस्थेने तो स्वीकारताना चांगला माणूस आपण गमावला हे लक्षात ठेवावे.

मी राजीनामा दिला नाही, तेवढे माझे वजनही नव्हते. स्टेटस काढून टाकले आणि वृत्तसंपादकांना जाऊन सांगितले. ते म्हणाले, "टेकडीची बातमी असेल त्या दिवशी ड्यूटी बदलून घेत जा." पुढच्या महिन्यात तशी बातमी आली तेव्हा मी एका सहकाऱ्याशी ड्यूटी बदलली आणि त्या सकाळी घरीच रेडिओ ऐकला. त्याने बातमी चांगली वाचली. 'सांगितले' हे 'सांगितले'सारखेच आले.

संध्याकाळी काका पुन्हा जिन्यात भेटले.

"आज दुसरा आवाज होता."

"हो, ड्यूटी बदलली."

"तो नाही का जात टेकडीवर?"

मी म्हटले, "नाही. तो पौड रस्त्याला राहतो आणि रोज संध्याकाळी लॉ कॉलेज रस्त्यावर अडकतो."